काळं न पडणारं ताट

श्रावणात, सोमवारी सकाळी, नगरच्या एका दवाखान्यात माझी बायको गेली. मी कागदांवर सह्या केल्या. नर्सने एक पुडी हातात दिली. पुडीत बायकोची जोडवी होती.

तिला घरी आणल्यावर आईने आधी तिचे पाय पाहिले. "जोडवी कुठायत?" तिने विचारलं. पायांना सूज आली तेव्हा दवाखान्यात साबण लावून ती काढली होती, हे मी सांगेपर्यंत शेजारच्या काकू दुकानातून नवी जोडी घेऊन आल्या. सवाष्ण बाई जोडव्यांशिवाय जात नाही. ती नव्या जोडव्यांत गेली. जुनी माझ्या खिशात राहिली, आणि पुढे माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या मागे.

ह्याला आता वर्षाच्या वर झालं. तिच्याबद्दल काही लिहावं म्हणून मी अनेकदा बसलो. प्रत्येक वेळी दोन-चार ओळींत एक ताट मध्ये येतं आणि पुढचं सगळं त्या ताटाबद्दलच लिहिलं जातं. आज मी ते अडवत नाही.

आमच्या लग्नाच्या बैठकीत आई म्हणाली होती, "आम्हाला काही नको. देवाच्या दयेने सगळं आहे. फक्त आमच्यात नवी सून पहिल्या दिवशी माहेरच्या चांदीच्या ताटात जेवते, तेवढं बघा." माझे सासरे पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठाला थोडी शेती, पेरूची झाडं. त्यांनी मान हलवली. लग्नात रुखवताच्या टेबलावर, लाडू-चकल्यांच्या मधोमध, ताट होतं. सोबत वाटी, पेला, चमचा. ताटाच्या काठाला वेल, आणि मधल्या भागात, जिथे भाताची मूद पडते तिथे, एक मोर. आईने ते दोन्ही हातांनी उचलून बायकांना दाखवलं. बायको पहिल्या दिवशी त्यात जेवली. त्यानंतर सणावारी ते ताट माझ्यासमोर यायचं, कारण मी घरातला एकटाच पुरुष. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते.

मी नागापूरला, एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. लोखंडाच्या सुट्या भागांवर तिथे निकेलचा मुलामा चढतो. निकेलच्या टाकीतलं पाणी हिरवं असतं, पावसाळ्यात डबक्यावर शेवाळ येतं त्याहून जरा उजळ. त्या पाण्याचे नमुने काढायचे, त्यात काय किती उरलंय ते पाहायचं आणि वर कळवायचं, एवढंच माझं काम. बोलावं फारसं लागत नाही. माझ्या स्वभावाला ते बरं पडलं.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ते ताट माझ्यासमोर आलं तेव्हा मी त्याच्या काठावर नख वाजवलं. सवयीने. आवाज ऐकला, आणि मान वर केली तर ती वाढता वाढता थांबून माझ्याकडे पाहत होती. आई शेजारीच होती. बायकोने खीर वाढली आणि ती आत गेली.

संध्याकाळी गच्चीवर पणत्या लावताना ती म्हणाली, "कळलं ना तुम्हाला?"

"काय?"

"काय काय करताय? तुमचं कामच हे. कळलं ना?"

"हो."

"सांगणार?"

"कुणाला?"

"खाली भजी तळतायत त्यांना."

"नाही," मी म्हणालो.

ती पणतीत तेल घालत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तसं तुमच्या ओळखीचंच आहे ते. निकेल. म्हणजे तुमच्याच नात्यात मी आले म्हणायची." आणि हसली. आम्ही त्या ताटाबद्दल एवढं सरळ पुन्हा कधी बोललो नाही.

बाजारात त्या धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात. त्यात चांदी औषधालाही नसते. अर्ध्याहून जास्त तांबं असतं, बाकी निकेल आणि जस्त. तांबं सर्वात जास्त असूनही त्याचा तांबडा रंग निकेल झाकून टाकतं आणि सगळा धातू पांढरा दिसतो. वरून निकेलचाच हात फिरवला, म्हणजे पातळ चकचकीत मुलामा दिला, की दुकानाच्या दिव्याखाली दोन ताटं शेजारी ठेवली तरी फरक सांगता येत नाही. फरक पुढे पडतो. मुलामा आधी काठावर आणि तळाला विरतो, आणि आतला पिवळसरपणा डोकावतो. त्यात आंबट राहिलं तर ते कळकतं, नक्षीच्या खाचांत हिरवं धरतं. मोडीत घालायला नेलं तर भंगारातल्या पितळेच्या आसपास त्याची किंमत.

आणि एक फरक असा की खरी चांदी काळी पडते. हवेत गंधकाचा अंश असतो, गॅसच्या धुरात असतो, कांद्यात असतो, अंड्यात असतो. चांदी तो पकडते आणि काळवंडते. हे ताट काळं पडत नसे.

आमच्या आईने ह्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. शेजारणी आल्या की ती सांगायची, "लोकांची चांदी बघावी तर कोळशासारखी. आमच्या सुनेच्या ताटाला इतक्या वर्षांत डाग नाही. घराचं असतं ते. जिथं खोटं नाही तिथं चांदी काळी पडत नाही." शेजारणी माना डोलवायच्या. आपापल्या घरी काळी पडलेली चांदी असणाऱ्या त्या बायकांना काय वाटत असेल, कुणास ठाऊक. माझी बायको त्या वेळी चहा गाळत असायची.

ताट घासायचं काम तिने कधी कुणाला करू दिलं नाही. दसऱ्याआधी देव आणि भांडी उजळायला निघायची, तेव्हा आई देवांचे टाक घेऊन बाहेर बसायची आणि ही स्वयंपाकघराचं दार लावून ताट घासायची. चिंच नाही, लिंबू नाही. खडूची पूड आणि मऊ फडकं. मुलामा उडू नये म्हणून हात अगदी हलका. त्या वाटीत तिने कधी ताक वाढलं नाही, कढी वाढली नाही. खीर किंवा बासुंदी चालायची, श्रीखंड असलं तर ते दुसऱ्या वाटीत. आई म्हणायची, "कसली ही शिस्त हिची." मला दाराआडून फडक्याचा आवाज ऐकू यायचा. मी पुस्तक घेऊन बसलेलो असायचो आणि पान पुढे जात नसे.

त्या ताटाने तिला किती बांधून ठेवलं होतं, हे मला ती आजारी पडल्यावर समजलं. दवाखान्याचा खर्च वाढत चालला तेव्हा एका संध्याकाळी आई तिच्या खाटेशी बसून म्हणाली, "ते ताट मोडून टाकू या. चांदी कुठल्या कुठं गेलीय, टीव्हीवर रोज सांगतायत. तुझं आहे, तुझ्याच कामी येऊ दे." आई मनापासून बोलत होती. मूल होत नाही म्हणून जिने सुनेला वर्षानुवर्षं टोचलं, तीच आता तिचे पाय चेपत होती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती. "नको, आई," ती म्हणाली. "ते राहू द्या. ते मोडू नका." आईने पदर डोळ्यांना लावला. माहेरच्या वस्तूवर किती जीव असतो बाईचा, असं ती बाहेर येऊन मला म्हणाली. मी बरं म्हणालो.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर चार दिवसांनी आईने विषय काढला. आमच्या देवघरात कुळातल्या देवांचे टाक आहेत, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले, बोटाच्या पेराएवढे. त्यांच्याच रांगेत आजोबांचा आहे, वडिलांचा आहे, आणि वडिलांची एक चुलती सवाष्ण गेली होती, तिचाही आहे. घरातलं माणूस गेलं की त्याला असं देवांत बसवतात. नवरात्रात घट बसतात तेव्हा हे सगळे टाक विड्याच्या पानांवर मांडतात.

"घट बसायच्या आत तिचा टाक झाला पाहिजे," आई म्हणाली.

"करू या," मी म्हणालो. मलाही ते हवं होतं. मी फारसं काही मानत नाही, पण रोज सकाळी आई त्या टाकांना नावानिशी पाणी घालते, आणि त्या नावांत तिचं नाव यावं असं मला वाटत होतं.

"तिच्या ताटाचाच करायचा."

"आई, दुकानात नवी चांदी मिळते. चोख मिळते."

"विकतच्या चांदीत ती कशी असेल? ह्या घरात पहिला घास तिने त्या ताटात घेतला. जन्मभर स्वतः घासलं. त्यातलाच एक तुकडा आटवायचा आणि टाक करायचा. उरलेल्याचा दिवा करू देवाला. आणि मी येणार सोनाराकडं. चांदी डोळ्यांदेखत आटवायची असते. आपण पाठ फिरवली की काय मिसळतील सांगता येत नाही."

मुलामा डोळ्यांना फसवतो, पण मुशीत तुकडा घातला की संपलं. आणि सोनार तिथवरही जाणार नाही. काठावर कानस मारील, थेंबभर तेजाब टाकील, हिरवा फेस येईल. आईसमोर.

मग काय होईल, हे मी रोज नागापूरला जाता-येता मनात पाहत होतो. आई सोनाराला एक शब्द बोलणार नाही. घरी येऊन ती ताट जमिनीवर ठेवील आणि म्हणेल, फसवलं. जिचा टाक करायला निघालो होतो तिनेच फसवलं, आणि तिच्या बापाने. मग तिला देवांत जागा राहणार नाही. आणि आता ती सांगायला नाही, हसायला नाही, दार लावायला नाही.

मी आईला दुसरा मार्ग सुचवून पाहिला. शब्दकोशामागची पुडी काढली आणि जोडवी आईच्या हातावर ठेवली. "ही तिच्या अंगावरची आहेत. ह्यांचा करू."

आईने हात मागे घेतला. जोडवी खाली पडली. "पायातली चांदी देवांत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

मग मी दिवस घालवू लागलो. सोनार गावाला गेलाय. कारखान्यात तपासणी आहे. शनिवारी बघू. प्रत्येक वेळी आई 'बरं' म्हणायची आणि तिचं 'बरं' दर वेळी आखूड होत जायचं. ताट तिने कपाटातून काढून जाडसर कापडी पिशवीत घालून ठेवलं होतं, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावली होती. मी चपला घालताना ती माझ्या खांद्याला लागायची.

पितृपक्ष लागला तसं आईने एका रात्री जेवताना ताटावरून हात काढून घेतला.

"तुला तिला बसवायचंच नाहीये."

"तसं नाही, आई."

"मग कसं आहे? बोलशील तर कळेल. पुस्तकं वाचून वाचून माणसाचं असं दगड होतं. बायकोसाठी एक सकाळ सुटी निघत नाही ह्याची. का दुसरी बघून ठेवलीस?"

मी तिच्या पेल्यात पाणी ओतलं.

"मी तिला कमी बोलले नाही," आई म्हणाली. "ते मला माहीत आहे. म्हणून तर म्हणते. तिला ना मूल ना बाळ. मी गेल्यावर, तू गेल्यावर, तिचं नाव कोण घेणार? देवांत बसली तर ह्या घरात जो कोणी दिवा लावील तो तिच्यापुढं लावील. नाही बसली तर ती गेलीच."

त्या रात्री मला कळलं की मी कुठल्या दाराने गेलो तरी आत तेच आहे. बोललो तर तिचं नाव जातं. नाही बोललो तर तिची जागा जाते, आणि वर, मला तिची किंमत नव्हती असं ठरतं. दुसऱ्या दिवशी मी सुटी टाकली आणि पुणतांब्याला निघालो. श्रीरामपूरला एसटी बदलली. दोन्ही बाजूंना उभा ऊस होता, खिडकीतून दुसरं काही दिसत नव्हतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. ते गोठ्याच्या पडवीत पेरू निवडत बसले होते. पिकलेले एका क्रेटमध्ये, कच्चे दुसऱ्या. मेहुणे मळ्यात गेले होते. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"या, जावईबापू. कळवायचं न्हाई का? गाडी आली असती फाट्यावर. जेवलात?"

"जेवलो, मामा."

"यष्टीत काय जेवलात? बसा." त्यांनी गोणपाट पुढे सरकवलं आणि माझ्या हातात एक पेरू दिला. मी तो धरून बसलो. त्यांना ताटाचं काय माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. बायकोने मला दिवाळीला एवढंच विचारलं होतं की सांगणार का. मामा स्वतःच फसले असतील, तर मी ह्या वयात त्यांना काय सांगायला आलो होतो?

"आई म्हणतेय, घट बसायच्या आत टाक करायचा. तिचा."

"चांगलं हाय. सासूनं देवांत घेतली म्हंजी झालं पोरीचं."

"तिच्या ताटाचा करायचा म्हणते. आटवून."

मामांचे हात चालूच होते. फक्त एक कच्चा पेरू पिकलेल्यांत गेला.

"आटवून," ते म्हणाले.

"हो. सोनाराकडे. आईच्या डोळ्यांदेखत."

"त्यांना मोतीबिंदू झाल्ता म्हनं ना? पोरगी सांगत हुती."

"ऑपरेशन झालं. आता चांगलं दिसतं."

मामांनी निःश्वास सोडला. "लई वंगाळ केलं डाक्टरनं."

मला हसू आलं. ती गेल्यावर पहिल्यांदा आलं, आणि ते आवरता येईना. मामा माझ्याकडे बघत राहिले. मी हसलो त्यातच त्यांना समजलं.

"तुमाला ठावं हाय."

"हो."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवाळीपासून."

"आन तुमी त्याच ताटात जेवलात? इतकी वर्सं?"

"जेवलो. चांगलं ताट आहे, मामा."

त्यांनी क्रेट बाजूला सारलं. मग म्हणाले, "खरंच घ्यायचं म्हनून गेल्तो मी. श्रीरामपूरला. ती संगं हुती. दुकानदारानं दोन्ही ताटं शेजारी मांडली, हे चांदीचं, हे असं. मी चांदीचं उचललं. ती म्हनली, दादा, त्याच्यावर काईच न्हाई. ह्याच्यावर मोर हाय. मला मोराचं पाहिजे." त्यांनी गुडघ्यावरची धूळ झटकली. "मोराचं. येवढी शिकलेली पोर. मला काय कळत न्हाई का?"

हे मला माहीत नव्हतं. ताट तिनेच निवडलं होतं. मोर आवडला म्हणून नव्हे, हे मामांना तेव्हाच कळलं होतं, आणि ते काही बोलले नव्हते. म्हणजे बैठकीतल्या त्या एका वाक्यानंतर तेही त्या ताटापाशीच अडकून होते.

ते उठून घरात गेले. आले तेव्हा हातात जुना बटवा होता. त्यांनी तो माझ्या ओंजळीत उलटा केला. लहान मुलांच्या मनगटात घालतात त्या बिंदल्या होत्या, दोन, जाडजूड आणि काळ्या. तव्यासारख्या काळ्या.

"बारशाच्या. तिच्या आजीनं घातल्या हुत्या. घासल्या न्हाईत कंदी. कोन घासनार?"

मला दगडाची गरज नव्हती, तेजाबाची नव्हती. त्या काळेपणावर मी शपथ घेतली असती.

"ह्याचा करा टाक," मामा म्हणाले. "आन ताट मोडू नगा म्हनावं. आमच्यात लेकीला दिलेलं ताट बापाच्या हयातीत मोडत न्हाईत."

"अशी पद्धत आहे तुमच्यात?"

"आता हाय," मामा म्हणाले, आणि पेरूची पिशवी भरायला लागले.

घरी येऊन मी तसंच सांगितलं. आईने पेरू घेतले, निरोप ऐकला आणि ओठ दुमडले. "दिलेल्यावर अजून जीव अडकलाय म्हणायचा व्याह्यांचा. एवढा कद्रूपणा." मग तिने बिंदल्या उजेडात धरल्या. "आणि ही काय चांदी म्हणायची? कोळसा आहे कोळसा. आपलं ताट बघ."

माझ्याकडे उत्तर होतं. ते माझं रोजचं काम आहे, कुणालाही दोन वाक्यांत समजावता येतं. पण ही चांदी काळी का आहे हे सांगायचं, तर ते ताट पांढरं का आहे हेही सांगावं लागलं असतं. मामांना कद्रू म्हटलेलं मी ऐकून घेतलं. "सोनाराला दाखवू," एवढंच म्हणालो.

"दाखवूच. आणि ताट संगं घेते. ही खोटी निघाली तर परत हेलपाटा नको."

आम्ही गेलो. रिक्षात पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये होती. सोनाराने बिंदल्या हातात घेऊन तोलल्या, दगडावर घासल्या, थेंब टाकला. "चोख आहे, आजी. जुनी चांदी आहे."

"मग काळी कशी?"

"चांदीच आहे, म्हणून काळी," तो सहज म्हणाला.

आई स्टूल पुढे ओढून मुशीसमोर बसली. जाळ लागला, काळं वर आलं, सरलं, आणि खाली पाऱ्यासारखा पांढरा थेंब हलू लागला. आई एकटक पाहत होती. सोनाराने तो ओतला, लाटून पत्रा केला, ठशावर ठेवून ठोकायला घेतला. उभी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू, हात जोडलेले. सवाष्णीचा असाच असतो. चेहरा कुणाचाच नसतो.

तो पुसून देताना त्याची नजर पिशवीकडे गेली. "त्यात काय आणलंय? तेही बघून देऊ का? भाव चढलाय सध्या."

त्याने हात पुढे केला. मी पिशवीचा बंद धरला आहे हे मला तो ओढला गेल्यावर कळलं. आई ओढत होती.

"नको," आई त्याला म्हणाली. "ते मोडायचं नाही. आमच्यात बापाच्या हयातीत मोडत नाहीत." आणि पिशवीचं तोंड तिने दोनदा दुमडलं.

घरी आल्यावर तिने टाक देवघरात ठेवला, वडिलांच्या चुलतीशेजारी, आणि पाणी घालताना सगळ्यांत शेवटी सुनेचं नाव घेतलं. मग पिशवीतून ताट, वाटी, पेला काढून माझ्यासमोर ठेवलं.

"आता तूच घासत जा," ती म्हणाली. "ती घासायची तसं. दार लावून. आणि त्या वाटीत ताक नको वाढूस."

मी तिच्याकडे पाहिलं. ती देवघराकडे तोंड करून वाती वळत होती. तिला काय माहीत आहे, केव्हापासून, आणि टाकाचा हट्ट धरताना माहीत होतं की मुशीसमोर बसल्यावर कळलं, हे मी विचारलेलं नाही. विचारलं तर मलाही सांगावं लागेल. शेजारणी आल्या की ती अजूनही ताट दाखवते. फक्त काळं पडत नाही, हे आता म्हणत नाही.

देवघरात तिचा टाक आहे, आणि तो काळा पडतो. कपाटात ताट आहे, ते पडत नाही. शब्दकोशाच्या मागे जोडवी आहेत. टाक आणि ताट मी घासतो.